म्नुचिन यांना विरोध करणारे लोक अडाणी नाहीत

फेब्रुवारी २०१७

मा. संपादक,
स. न.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहते, लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देण्याचं काम करते आणि आपला पेपर रोज ऑनलाइन वाचते. ट्रम्प यांनी अमेरिकेच्या अर्थमंत्रिपदासाठी स्टीव्हन म्नुचिन या बँकरची निवड केलीय, त्यावर गेल्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र आपण छापलंत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकेत जो आरडाओरडा चाललाय तो सगळा पोटदुखीचा प्रकार आहे, देशाचा खजिना पैशातलं कळणाऱ्या माणसाने नाही सांभाळायचा तर कोणी सांभाळायचा, आणि ज्यांनी झेपत नसताना कर्ज काढून घरं घेतली तेच लोक आता गळा काढतायत. हे वाचून मला फार लागलं. त्यातली काही माणसं मी जवळून बघितलीयत, त्यांच्या फायली माझ्या टेबलावर होत्या, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं आणि ते लांबणार हे आधीच सांगते.

पहिली गोष्ट, बँकर आहे म्हणून अमेरिकन लोक बोंब मारतायत हे खरं नाही हो. म्नुचिन १७ वर्षं गोल्डमन सॅक्स या वॉल स्ट्रीटवरच्या बड्या बँकेत होते, २००२ मध्ये बाहेर पडले. त्याच गोल्डमनचे रॉबर्ट रुबिन १९९५ मध्ये क्लिंटन यांचे अर्थमंत्री झाले तेव्हा सिनेटमध्ये (मंत्र्याच्या नेमणुकीला तिची मंजुरी लागते) मत पडलं ९९ विरुद्ध शून्य. त्याच गोल्डमनचे प्रमुख हेन्री पॉलसन २००६ मध्ये बुश यांनी आणले तेव्हा तर मतं मोजायचीसुद्धा गरज पडली नाही, आवाजी मतदानाने काम झालं. त्याही आधी १९८१ मध्ये मेरिल लिंच या वॉल स्ट्रीटवरच्याच कंपनीचे डोनाल्ड रीगन (राष्ट्राध्यक्ष रेगन वेगळे) होते, आणि खूप मागे गेलं तर पिट्सबर्गचे बँकर अँड्र्यू मेलन १९२१ पासून जवळपास ११ वर्षं त्या खुर्चीत होते. म्हणजे वॉल स्ट्रीटवरून ट्रेझरीत, म्हणजे अर्थखात्यात, जायचा रस्ता इथे जुनाच आहे आणि लोकांनी तो बराच काळ चालवून घेतला. मग यांच्याच वेळी एवढं का पेटलं? याचं उत्तर गोल्डमनमध्ये नाहीये, ते गोल्डमन सोडल्यानंतरच्या काळात आहे, आणि पत्रलेखकांनी नेमका तोच काळ गाळलाय.

पासाडेनाला इंडीमॅक नावाची बँक होती. उत्पन्नाचा नीट पुरावा न मागता कर्ज द्यायची यांची ख्याती. त्यात ते ऑप्शन एआरएम नावाचं लोन, म्हणजे दर महिन्याला किती भरायचं ते तुम्ही ठरवा, अगदी कमीत कमी भरलंत तरी चालेल, पण ते कमीत कमी हे व्याजापेक्षाही कमी असायचं आणि राहिलेलं व्याज मुद्दलात जाऊन बसायचं, त्यामुळे तुम्ही दर महिन्याला हप्ता भरताय आणि कर्ज मात्र वाढतंय. घरांच्या किमती चढत होत्या तोवर कुणाला काही वाटलं नाही. ११ जुलै २००८ ला सरकारने बँक बंद करून एफडीआयसी, म्हणजे बँकांतल्या ठेवींचा विमा बघणारी सरकारी संस्था, तिच्या ताब्यात दिली. पुढच्या सोमवारी शाखांबाहेर लागलेल्या रांगा इथल्या लोकांना अजून आठवतात, तेव्हा ठेवींवर संरक्षण १ लाख डॉलरपर्यंतच होतं, त्याच्या वरचे पैसे ज्यांचे होते त्यांचं नुकसान झालं.

मार्च २००९ मध्ये म्नुचिन यांच्या गटाने ही बँक एफडीआयसीकडून विकत घेतली. गटात जॉर्ज सोरोस, जॉन पॉलसन, मायकेल डेल अशा मंडळींचा पैसा होता. बँकेचं नाव वनवेस्ट झालं आणि म्नुचिन तिचे चेअरमन. गुंतवणूक दीड अब्ज डॉलरच्या आसपास होती आणि २०१५ मध्ये सीआयटी ग्रुपने हीच बँक ३.४ अब्जाला घेतली. यात गैर काय, धंदा केला, नफा कमावला, असं म्हणता येईल आणि मीही तेवढ्यावर भांडणार नाही. बुडालेली बँक घ्यायला तेव्हा फारसं कोणी पुढे येत नव्हतं, यांनी धाडस केलं हे खरंच आहे.

पण त्या सौद्यातलं लॉस-शेअरचं, म्हणजे तोटा वाटून घ्यायचं, कलम काय होतं ते बघा. ठरलेल्या कर्जांच्या गठ्ठ्यावर पहिल्या २० टक्क्यांपर्यंतचा तोटा वनवेस्टने सोसायचा, त्यापुढच्या १० टक्क्यांच्या तोट्यातला ८० टक्के भाग एफडीआयसीने भरायचा आणि त्याच्याही पुढे गेलं तर ९५ टक्के एफडीआयसीने. म्हणजे एका मर्यादेनंतर बुडालेल्या प्रत्येक डॉलरमागे बँकेचं जायचं ५ सेंट. एफडीआयसीचा फंड बँकांच्या प्रीमियममधून येतो, सरळ टॅक्समधून येत नाही हे मला माहितीय, पण तो ठेवीदारांच्या संरक्षणासाठी बाजूला ठेवलेला पैसा आहे, कुणाच्या घरचा नाही. या कलमाखाली एफडीआयसीने वनवेस्टला १ अब्ज डॉलरपेक्षा जास्त दिले. आणि यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हे संरक्षण घर लिलावात काढलं तरच मिळणार असं नव्हतं, कर्जाचा हप्ता कमी करून दिला, व्याज कमी केलं, तर त्या तोट्यालाही ते लागू होतं, उलट आधी तसा प्रयत्न करा अशी अटच होती. एफडीआयसीच्या तेव्हाच्या प्रमुख शीला बेअर यांनी ऑगस्ट २००८ मध्ये, बँक सरकारच्या ताब्यात असतानाच, इंडीमॅकच्या कर्जदारांसाठी हप्ते कमी करायची योजना सुरू केली होती, नंतर सगळ्या देशाने तिचा कित्ता गिरवला. म्हणजे लोकांना घरात ठेवण्यासाठी लागणारी योजना आणि भरपाई या दोन्ही गोष्टी म्नुचिन यांना बँक घेताना हातात मिळाल्या होत्या.

आणि तरी कॅलिफोर्निया रीइन्व्हेस्टमेंट कोअलिशन या संस्थेच्या मोजणीप्रमाणे एकट्या आमच्या राज्यात वनवेस्टने ३६ हजारांच्या आसपास फोरक्लोजर केली, म्हणजे कर्ज थकलं म्हणून घरं ताब्यात घेऊन विकली. म्नुचिन यांचं उत्तर असं की ती कर्जं आम्ही दिली नव्हती, इंडीमॅकने दिली होती, आणि त्यातली पुष्कळशी आम्ही फक्त दुसऱ्या मालकांच्या वतीने सांभाळत होतो. हे उत्तर खोटं नाही. पण कर्ज कोणी दिलं हा वेगळा प्रश्न आणि कर्ज थकल्यावर माणसाशी कसं वागलात हा वेगळा, आणि लोक दुसरा प्रश्न विचारतायत.

आता हे वागणं म्हणजे काय असायचं ते सांगते, कारण पत्रलेखकांना बहुतेक त्याची कल्पना नसावी. २००९-१० मध्ये कॅलिफोर्नियात बेकारी १२ टक्क्यांच्या वर गेली होती. माझ्याकडे टॅक्ससाठी येणारी एक बाई, वृद्धाश्रमात रात्रपाळीला कामाला, नवऱ्याचं बांधकामातलं काम गेलेलं. तिची बँक वनवेस्ट नव्हती, दुसरी होती, नाव घेत नाही, कारण तेव्हा सगळीकडे कमीजास्त फरकाने हाच प्रकार होता. लोन मॉडिफिकेशनचा, म्हणजे कर्जाच्या अटी बदलून हप्ता कमी करून घ्यायचा, अर्ज करायचा म्हणून ती माझ्याकडे आली, कारण सरकारच्या हॅम्प योजनेत हप्ता उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणता येत होता आणि ती त्यात अगदी नीट बसत होती. आम्ही फाईल केली. पे-स्टब म्हणजे पगाराच्या पावत्या, दोन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोन वर्षांचे रिटर्न, बँकेला टॅक्स खात्याकडून रिटर्नची माहिती मागवता यावी म्हणून ४५०६-टी फॉर्म, आणि एक हार्डशिप लेटर, म्हणजे तुमच्यावर काय वेळ आलीय ते तुमच्या शब्दात लिहून द्यायचं, ते लिहिताना तिला नवऱ्याबद्दल काय लिहू आणि काय नको असं झालं होतं. फॅक्स केलं. काही दिवसांनी निरोप आला की स्टेटमेंटचं शेवटचं पान नाही. शेवटचं पान कोरं होतं, त्यावर फक्त 'हे पान मुद्दाम कोरं ठेवलंय' एवढंच छापलेलं, म्हणून आम्ही ते पाठवलं नव्हतं. ते पाठवलं. मग निरोप आला की एवढ्यात पे-स्टब ६० दिवसांपेक्षा जुने झाले, नवीन पाठवा. नवीन पाठवले तोवर फाईल बघणारा माणूस बदलला होता आणि नवीन माणसाला स्टेटमेंट सापडत नव्हतं. दर वेळी फोनवर वेगळा आवाज, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि दर वेळी उत्तर तेच, तुमचा अर्ज विचाराधीन आहे, काळजी करू नका.

अर्ज असा विचाराधीन असताना एका सकाळी ती ड्यूटीवरून घरी आली तर दारावर लिलावाची नोटीस चिकटवलेली. कॅलिफोर्नियात बहुतेक फोरक्लोजर कोर्टात जातच नाहीत, आधी नोटीस ऑफ डिफॉल्ट, तीन महिने थांबायचं, मग विक्रीची नोटीस, मग तीन आठवड्यांच्या आसपास लिलाव, कुठल्याही जजसमोर उभं राहून आपली बाजू मांडायची वेळच येत नाही. बँकेत एक विभाग अर्ज बघत असतो आणि दुसरा विभाग त्याच वेळी लिलावाची तारीख काढत असतो, याला ड्युअल ट्रॅकिंग म्हणायचे. हे चुकीचं आहे हे कायद्याने मान्य व्हायला २०१३ उजाडलं, तेव्हा कॅलिफोर्नियात होमओनर बिल ऑफ राइट्स लागू झालं. तिच्या घराला त्याचा काही उपयोग नव्हता. आमच्या भागातले लिलाव पोमोनाला सिव्हिक सेंटर प्लाझात कारंज्याजवळ व्हायचे, एक माणूस हातात यादी घेऊन पत्ते वाचत जायचा आणि समोर घोळक्यात चेकबुकं घेऊन गुंतवणूकदार उभे. तिच्या घराचा पत्ता वाचून झाला तेव्हा मी तिच्याबरोबर तिथे होते. मिनिटभरात व्यवहार झाला.

ही बाई झेपत नसताना कर्ज काढणारी होती का? २००६ मध्ये दोघं कमावत होते तेव्हा झेपत होतं. हो, काहींनी खरंच बेफाम कर्जं काढली, दोन दोन तीन तीन घरं घेतली विकून पैसा करायला, त्यांच्याबद्दल मलाही फारसं काही वाटत नाही. पण असे लोक लवकर किल्ली टाकून निघून गेले, ते बँकेला कोरी पानं फॅक्स करत बसले नाहीत. हेलपाटे घातले ते ज्यांना त्याच घरात राहायचं होतं त्यांनी.

वनवेस्टच्या बाबतीत तर गोष्ट नुसत्या हेलपाट्यांवर थांबत नाही. २००९ मध्ये फ्लोरिडातल्या एका खटल्यात बँकेच्या एका उपाध्यक्षांनी शपथेवर सांगितलं की दर आठवड्याला त्या साधारण ७५० कागदांवर सह्या करतात आणि एका कागदाला ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ देत नाहीत. या कागदांवर लिहिलेलं असतं की मी ही फाईल स्वतः तपासली आणि यातली माहिती मला ठाऊक आहे. फ्लोरिडात फोरक्लोजर कोर्टातून होतं, तिथे त्याच्या जोरावर कोर्ट माणसाला घराबाहेर काढतं. यालाच रोबो-सायनिंग म्हणतात. एप्रिल २०११ मध्ये सरकारच्या बँक-तपासणी खात्याने इतर मोठ्या बँकांबरोबर वनवेस्टलाही आदेश काढून फोरक्लोजरची पद्धत सुधारायला लावली. आणि आता म्नुचिन सिनेटला लेखी उत्तर देतात की वनवेस्टने रोबो-सायनिंग केलं नाही. ओहायोतल्या कोलंबस डिस्पॅच या पेपरने कोर्टातल्या जुन्या फायली उपसून दाखवलं की तिथल्या वनवेस्टच्या केसेसमध्ये घाऊक सह्या करणाऱ्या लोकांच्याच सह्या आहेत. गेल्या महिन्यात कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांच्या, ऑफिसचा २०१३ चा एक अंतर्गत मेमो बाहेर आलाय, त्यात तिथल्या वकिलांनी हजाराहून जास्त उल्लंघनं सापडल्याचं, मागच्या तारखा टाकलेले कागद सापडल्याचं लिहून बँकेवर दावा लावा अशी शिफारस केली होती. कमला हॅरिस तेव्हा अॅटर्नी जनरल होत्या, त्यांनी दावा लावला नाही. जानेवारी २०१७ मध्ये त्या सिनेटर झाल्या. हा जाब त्यांनाही विचारला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, नुसतं रिपब्लिकनांवर खापर फोडून चालणार नाही.

आणि म्हाताऱ्या माणसांचं काय झालं ते तर आपल्याकडच्या पेपरात आलंच नाही. वनवेस्टची फायनान्शियल फ्रीडम नावाची एक शाखा होती, ती रिव्हर्स मॉर्गेज बघायची. ६२ वर्षांपुढच्या माणसाने घर गहाण ठेवून पैसे घ्यायचे, हप्ता भरायचा नाही, तो गेला किंवा घर सोडलं की कर्ज घरातून वसूल. पण घराचा टॅक्स आणि इन्शुरन्स वेळेवर भरावा लागतो, तो चुकला तरी घर जाऊ शकतं. शिवाय पुष्कळ ठिकाणी कर्ज फक्त नवऱ्याच्या नावावर, बायको वयाने लहान म्हणून तिचं नाव काढलेलं, नवरा गेला की बायको घरात असूनही कर्ज तिथल्या तिथे देय. माहिती अधिकारात काढलेल्या आकड्यांनुसार २००९ ते २०१६ मध्ये या शाखेने १६ हजारांहून जास्त फोरक्लोजर केली, सरकारी विम्याच्या रिव्हर्स मॉर्गेजमधल्या देशभरातल्या सगळ्या फोरक्लोजरच्या ३९ टक्के. यातली बरीच माणूस गेल्यानंतरची, रीतसर असतील, हे मान्य. पण धंद्यातला त्यांचा वाटा याच्या निम्म्याहूनही कमी होता, मग फोरक्लोजरमध्येच एवढा का, हे कुणीतरी अर्थमंत्री होऊ बघणाऱ्या माणसाला विचारायला नको का?

न्याय दोन्ही बाजूंनी करायचा तर हेही सांगायला हवं. म्नुचिन म्हणतात की आम्ही थकलेल्या कर्जदारांना एक लाखाहून जास्त मॉडिफिकेशन देऊ केली. २०११ च्या आदेशानंतरची फाईल-तपासणी वनवेस्टने पूर्ण केली, बाकीच्या बहुतेक बँका पैसे भरून मधूनच सुटल्या, हेही खरं. न्यूयॉर्कमध्ये २००९ मध्ये एका जजने बँकेचं वागणं इतकं किळसवाणं ठरवलं होतं की त्यांनी एका कुटुंबाचं सगळं कर्जच रद्द करून टाकलं, ती बातमी लोक आजही शेअर करतायत, पण वर्षभराने वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला हे त्याच्याबरोबर कोणी सांगत नाही. सांगायला पाहिजे. अर्धवट सांगून आपली बाजू भक्कम होत नाही.

आता १९ जानेवारीची सिनेट फायनान्स कमिटीची सुनावणी. मी सुट्टी घेऊन पूर्ण पाहिली. त्यात असं बाहेर आलं की म्नुचिन यांनी कमिटीला आधी दिलेल्या माहितीत साडेनऊ कोटी डॉलरची घरं आणि जागा, शिवाय केमन बेटांवरच्या एका फंडाचं डायरेक्टरपद, या गोष्टी लिहायच्या राहून गेल्या होत्या. ते म्हणाले फॉर्म गुंतागुंतीचे आहेत, मुद्दाम केलं नाही, वकिलांच्या मदतीने नंतर दुरुस्त केलं. मी त्यांच्या मनातलं ओळखायला जात नाही, असेलही तसं. मी स्वतः फॉर्म भरायचं काम करते, चूक होते, दुरुस्तीची सोय असते आणि ती असायलाच हवी. पण त्या खोलीत बसलेल्या एकाही सिनेटरला हे विचारावंसं वाटलं नाही की तुम्हाला जी दुरुस्तीची संधी मिळाली ती तुमच्या बँकेच्या कर्जदारांना एका राहिलेल्या पानासाठी किती वेळा मिळाली, याचा हिशोब द्या. इथे माझ्या ओळखीतल्या लोकांचा राग अनावर झाला तो या क्षणी. लोकांना त्यांच्या श्रीमंतीचं काही नाही. कागद राहिला तर मोठ्या माणसाला मुदत आणि लहान माणसाचं घर लिलावात, हे डोळ्यासमोर दिसलं आणि ते सहन झालं नाही.

माझा मुख्य आक्षेप पण म्नुचिन यांच्यापेक्षा त्या सुनावणीवर आहे. साक्षीला एकच माणूस, स्वतः म्नुचिन. ज्यांची घरं गेली त्यांच्यातलं कोणी नाही, राज्याच्या ऑफिसमध्ये ज्यांनी फायली तपासल्या ते वकील नाहीत, एफडीआयसीचं कोणी नाही. आदल्या दिवशी एलिझाबेथ वॉरन आणि काही डेमोक्रॅट सिनेटर्सनी वेगळी बैठक घेऊन घर गमावलेल्या काही लोकांना बोलावलं, ते बोलले, बायका रडल्या, कॅमेरे होते, पण ती अधिकृत सुनावणी नव्हती, तिथे बोललेलं कमिटीच्या नोंदीत गेलं नाही आणि म्नुचिन यांना त्याला उत्तर द्यावं लागलं नाही. नंतर काय झालं ते आपण छापलंच आहे, ३१ जानेवारीला डेमोक्रॅट कमिटीच्या मतदानाला आले नाहीत, दुसऱ्या दिवशी बुधवारी अध्यक्ष ऑरिन हॅच यांनी नियम बाजूला ठेवून एकट्या रिपब्लिकनांच्या मतांवर १४ विरुद्ध शून्य अशी शिफारस पुढे पाठवली. बहिष्कार घालणं मला पटलं नाही, आत बसून प्रश्न विचारायला हवे होते. आणि नियम मोडून पुढे ढकलणं तर त्याहून पटलं नाही.

पत्रलेखक म्हणतात की हा फक्त ट्रम्पविरोधी लोकांचा कांगावा आहे. मग त्यांना २०१४ ची आठवण करून द्यायला हवी. तेव्हा ओबामा यांनी लझार्ड बँकेचे अँटोनियो वाइस यांना ट्रेझरीत अंडर सेक्रेटरी करायचं ठरवलं होतं. त्यांच्याविरुद्ध उभं राहिलं कोण, तर ओबामांच्याच पक्षाच्या वॉरन, आणि त्यांच्यामागे सह्या करणारे हजारो सामान्य लोक. सरकारी नोकरीत जातोय म्हणून बँक त्यांना दोन कोटी डॉलरच्या घरात रक्कम देणार होती, यावर लोकांनी बोट ठेवलं. जानेवारी २०१५ मध्ये वाइस यांनी स्वतःच माघार घेतली आणि सल्लागार म्हणून गेले, त्या पदाला सिनेटची मंजुरी लागत नाही. त्याआधी २०१३ मध्ये ओबामांनी अर्थमंत्री म्हणून निवडलेल्या जॅक ल्यू यांनाही सिटीग्रुपमधल्या बोनसवरून रिपब्लिकनांनी धारेवर धरलं होतं, आणि बरोबर केलं होतं. म्हणजे हा प्रश्न कुठल्या एका पक्षाचा नाही, राष्ट्राध्यक्ष कोणीही असो, २००८ नंतर लोक तोच विचारत आलेत.

आणि ट्रम्प यांना मत देणाऱ्यांचं काय म्हणता? माझ्या क्लायंटमध्ये पुष्कळ आहेत. प्रचारात ट्रम्प यांनी हिलरी क्लिंटन आणि स्वतःच्याच पक्षातले टेड क्रूझ या दोघांवर गोल्डमन सॅक्सशी जवळीक म्हणून टीका केली, शेवटच्या जाहिरातीत गोल्डमनच्या प्रमुखांचा चेहरा दाखवला. निवडून आल्यावर अर्थमंत्री गोल्डमनचे माजी भागीदार, आणि व्हाइट हाउसमध्ये आर्थिक सल्लागार म्हणून गोल्डमनचे गॅरी कोन, ज्यांना सिनेटसमोर यावंही लागत नाही. माझा एक क्लायंट, ट्रक चालवतो, ट्रम्पचाच माणूस, मला म्हणाला की मी मत दिलं ते या लोकांना बाहेर काढायला. तो अजून ट्रम्पवर नाराज नाही, वाट बघू म्हणतो. पण त्याचं हे एक वाक्य पोटदुखी म्हणून उडवून लावायचा अधिकार कुणालाच नाही.

हे सगळं एवढं का लावून धरायचं, तर ट्रेझरीच्या हातात काय आहे ते बघा. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन प्रचंड गृहकर्ज कंपन्या सप्टेंबर २००८ पासून सरकारच्या ताब्यात आहेत, आणि म्नुचिन यांनी नाव जाहीर झालं त्याच दिवशी, ३० नोव्हेंबर २०१६ ला, टीव्हीवर सांगून टाकलं की त्या सरकारच्या हातातून बाहेर काढायच्या. हॅम्प योजना ट्रेझरीचीच, ती डिसेंबर २०१६ अखेर नव्या अर्जांना बंद झाली, तीस-चाळीस लाख कुटुंबांना मदत होईल म्हणाले होते, कायमचं मॉडिफिकेशन मिळालं सोळा लाखांच्या आसपास. तिच्या जागी काही आणायचं का, हे पुढचे अर्थमंत्री ठरवणार. पुन्हा मोठी बँक डबघाईला आली तर ती कुणाला, कुठल्या अटींवर द्यायची, तोटा कोणी सोसायचा, त्या चर्चेत अर्थमंत्री बसणार, कारण डॉड-फ्रँक कायद्याने आर्थिक स्थैर्यावर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे दिलंय. अशी बुडीत बँक घेणाऱ्याच्या बाजूने टेबलावर बसलेला माणूस आता देणाऱ्याच्या बाजूला बसणार आहे. त्यांना त्यातले सगळे बारकावे माहिती आहेत हे खरंच फायद्याचं ठरू शकतं, मी नाकारत नाही. पण ते ज्ञान कुणासाठी वापरणार याचा अंदाज वनवेस्टमधल्या सहा वर्षांच्या वागण्यावरूनच घ्यावा लागतो, दुसरं काही आपल्या हातात नाही.

शेअर विकायची त्यांची तयारी आहे, अधिकाऱ्यांच्या हितसंबंधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी एथिक्स ऑफिसला तसं पत्र दिलंय, ४३ ठिकाणची गुंतवणूक ९० दिवसांत काढणार. चांगली गोष्ट आहे. हा नियम जुना, १७८९ मध्ये ट्रेझरी स्थापन करणाऱ्या कायद्यातच लिहून ठेवलंय की या खात्यातल्या माणसाने व्यापार-धंद्यात गुंतायचं नाही. पण पुढे काय विकत घेऊ नये हे कायदा सांगतो, मागे काय केलं त्याचा जाब तो घेत नाही, ते काम सिनेटचं.

आता, फेब्रुवारी २०१७ मध्ये, संपूर्ण सिनेटचं मतदान व्हायचंय. रिपब्लिकनांकडे ५२ जागा आहेत, त्यामुळे म्नुचिन मंजूर होतील असंच दिसतंय. तरीही मतदानाआधी निदान राज्यवार आकडे बाहेर यावेत, किती फोरक्लोजर, किती अर्ज आले, किती मंजूर, किती कागद अपुरे म्हणून बंद केले, आणि लॉस-शेअरचे पैसे कुठल्या कर्जांवर घेतले. सिनेटर्सनी यातलं काही मागितलंय, उत्तर नीट आलेलं नाही. आपले पुष्कळ वाचक किंवा त्यांची मुलं-नातवंडं इथे नागरिक आहेत, त्यांना मतं आहेत. त्यांनी आपापल्या सिनेटरच्या ऑफिसला फोन करून एवढंच मागावं, आकडे द्या आणि मग मतदान करा. फोन उचलणारी मुलं नम्र असतात, दोन मिनिटं ऐकून घेतात आणि पिनकोड विचारून नोंद करतात, मी केलाय.

पत्र फार मोठं झालंय याची कल्पना आहे. छापताना कापावं लागलं तर मेलन, रुबिन वगैरे इतिहास खुशाल कापा, सुनावणीचा भागही थोडा कमी करा, पण लॉस-शेअरचे टक्के आणि त्या बाईच्या फाईलचा भाग तेवढा ठेवा, कारण आधीच्या पत्रात नेमकं तेच नव्हतं.

आपली,
एक वाचक
दक्षिण कॅलिफोर्निया, फेब्रुवारी २०१७